सपाट मुलखातला मुख्य रस्ता : उंचीच्या वादाची पार्श्वभूमी

गावोगाव जोडणारा मुख्य रस्ता सपाट मुलखात पूर्वी शेताच्या पातळीवरूनच जायचा. चाकोरी चिखलात गेली की गाड्या शेजारून नवी पाडायच्या. १८१६ च्या सुमारास ब्रिटनमध्ये खडीच्या रस्त्याची जी पद्धत रुजली, तिचा सगळा भर खालची जमीन कोरडी ठेवण्यावर होता. ३० फूट रुंदीला मध्ये ३ इंच फुगवटा पुरे मानला जाई. पण जिथे जमिनीलाच उतार नाही, तिथे कडेला आलेलं पाणी जाणार कुठे? पुढे मोटारी आल्या, धूळ आली, डांबर आलं, तरी हा प्रश्न सुटला नाही.

म्हणून भराव आला आणि भरावाबरोबर ‘उंची’ या शब्दाचा घोळ. ‘रस्ता १ मीटर उंच करणार’ म्हटलं की गावाला डांबराचा माथा दिसतो. खडी-डांबराचे थर ६० सेंमी आणि त्याखालची दाबलेली माती ५० सेंमी धरा. म्हणजे त्या मातीचा तळ जमिनीच्याही १० सेंमी खाली गेला. तो तळ पूरपातळीच्या निदान ६० सेंमी वर हवा, म्हणजे माथा पूरपातळीच्या १.७ मीटर वर. हा हिशेब चुकला की माती खालून पाणी ओढते, मऊ पडते आणि चाकांच्या रेषेत डांबर खचतं. त्यात वाहनं जड झाली. इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या चाचण्यांवरून दिसलं की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज साधारण सोळापट होते.

पण एवढा भराव म्हणजे बांधच. मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटा, अपुऱ्या असल्या की वरच्या अंगाच्या शेतांत पाणी तुंबतं आणि रस्त्यावरून वाहिलं तर खालच्या अंगाचा उतार आधी कापला जातो. १ मीटरपेक्षा लहान नळ्या काडीकचऱ्याने बुजतात, आत शिरून साफ करता येत नाहीत. आधी मोऱ्या मोजाव्यात, मग भराव ठरवावा. काही टप्पे पाणी वरून जाऊ देण्यासाठी मुद्दाम खालीच ठेवून तिथे काँक्रीट करणं उंच भरावापेक्षा कितीतरी शहाणपणाचं.

अलीकडचा प्रकार गावाच्या आतला. जुन्या डांबरावर ५ सेंमीचा थर तीनदा चढला की रस्ता १५ सेंमी वर येतो आणि घराची पायरी, मग उंबरठा त्याच्या खाली जातो. साइडपट्टी मात्र जुन्याच पातळीला. त्या खाचेत पाणी साचून डांबराची कड तुटत जाते. जुना थर खरवडून तेवढाच नवा घालावा. गावाबाहेर पातळी वाढवलीच तर साइडपट्टीचा मुरूमही लगोलग भरून दाबावा.