नारळीकर, बादली आणि दूरच्या आकाशगंगा

व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरतोय : 'महास्फोट खोटा आहे, हे आपल्या कोल्हापूरच्या जयंत नारळीकरांनी सिद्ध केलं!' महास्फोट म्हणजे विश्व अतिशय तप्त, घन अवस्थेतून सुरू होऊन पसरत गेलं ही कल्पना. निरोपातलं कोल्हापूर तेवढं खरं. 19 जुलै 1938 ला ते इथं जन्मले, पण वाढले बनारसला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तिथल्या हिंदू विद्यापीठात गणित शिकवायचे. आत्मचरित्राच्या नावातच जयंतरावांनी 'चार नगरं' मोजली, त्यात आपलं नगर नाही. थोडं लागतं, पण ते असो.

महास्फोटाला त्यांनी आयुष्यभर विरोध केला, हेही खरं. पण विरोध करणं वेगळं आणि खोटं ठरवणं वेगळं. केंब्रिजमधले त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांचा स्थिर स्थिती सिद्धांत (विश्वाला सुरुवातच नाही, ते कायम असंच) 1965 साली वैश्विक सूक्ष्मलहरी, म्हणजे महास्फोटाची उरलेली ऊब मानली जाणारी किरणं, सापडल्यावर मागे पडला. 1993 मध्ये हॉईल, बर्बिज आणि नारळीकरांनी त्याची सुधारित आवृत्ती मांडली, तीही बहुतेकांना पटली नाही. मला त्यांचं मोठं काम वाटतं ते निराळंच आहे, आणि ते समजायला बादली लागते.

परवा गच्चीवर कपड्यांच्या दांडीला काथ्याच्या दोरीनं अर्धी भरलेली बादली टांगली, दोरीला भरपूर पीळ दिला आणि सोडली. आधी नुसती बादली गरगरते, पाणी सपाटच. हळूहळू पाणीही फिरायला लागतं, मध्ये खोलगट होतं आणि कडेनं चढतं. आता बादली दोन्ही हातांनी गच्च धरा. बादली थांबली तरी पाणी फिरतंय आणि खोलगाही तसाच आहे! म्हणजे खोलगटपणाचा बादलीशी संबंध नाही. मग पाणी फिरतंय ते कशाच्या तुलनेत? न्यूटन म्हणाला, निरपेक्ष अवकाशाच्या. एकोणिसाव्या शतकात अर्न्स्ट माखनं हे नाकारलं : तुलना दूरच्या ताऱ्यांशी आहे. एसटीनं दसरा चौकात करकचून ब्रेक मारला की आपण पुढं फेकले जातो. ते जडत्वही, माखच्या मते, अख्ख्या विश्वाची देणगी!

कल्पना झकास, पण गणित कुठाय? ते 1964 मध्ये हॉईल आणि नारळीकरांनी दिलं. नारळीकर तेव्हा पंचविशीत. त्यांच्या सिद्धांतात कणाला स्वतःचं असं वस्तुमान नसतंच. विश्वातला प्रत्येक कण त्यात आपला वाटा घालतो आणि त्यांची बेरीज म्हणजे वस्तुमान. अंतर दुप्पट झालं की एकाचा वाटा निम्मा होतो. पण आपल्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी कवचं कल्पा : दुप्पट अंतरावरच्या कवचात आकाशगंगा चौपट. चौपटीचं निम्मं, म्हणजे दुप्पट. जितकं लांब, तितका एकूण वाटा जास्त! शेजारच्या सूर्याला इथं फारशी किंमत नाही. खासबागच्या आखाड्यातला पैलवान जागचा हलत नाही, याचं श्रेय खुराकाबरोबर त्या आकाशगंगांनाही द्यायला हवं.

आता जरा अवघड. लांबून येणाऱ्या प्रभावाला प्रकाशाच्या वेगानंही अब्जावधी वर्षं लागतील, ब्रेक तर आत्ता लागला. म्हणून व्हीलर आणि फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञांनी विद्युतचुंबकत्वात वापरलेली युक्ती इथं येते : निम्मा प्रभाव भूतकाळाकडून, निम्मा भविष्याकडून. दोन्ही धरून समीकरणं सोडवली आणि कणांची संख्या प्रचंड घेतली, की आइन्स्टाइनचीच गुरुत्वाकर्षणाची समीकरणं हाती येतात. शिवाय गुरुत्वाकर्षण ढकलत नाही, ओढतंच, हे चिन्हही आपोआप येतं. आइन्स्टाइनला ते बाहेरून घालावं लागलं होतं. मात्र कवचांची ती बेरीजच पुढं नडली. महास्फोटाच्या प्रसरणशील विश्वात भविष्याकडून येणारा वाटा अनंत होतो, हे लगेचच एका विद्यार्थ्यानं दाखवलं. त्याचं नाव स्टीफन हॉकिंग.

1972 मध्ये नारळीकर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि 1988 मध्ये त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठ संस्था उभी केली. कुठल्याही विद्यापीठाच्या प्राध्यापकानं यावं, काम करावं, परत जाऊन शिकवावं अशी सोय. माझ्या मते सिद्धांतापेक्षा या दाराचा प्रभाव मोठा.

आणि हो, ग्रहदशा बघून मुलांची शाखा ठरवणाऱ्यांसाठी : नरेंद्र दाभोलकर आदींबरोबर त्यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या मिसळलेल्या कुंडल्या, प्रत्येक ज्योतिष्याला 40; कुठली कुणाची ते ओळखायचं. उत्तरं 27 जणांनी पाठवली, सरासरी 46 टक्के बरोबर. छापा-काटा केला असता तर 50.

आयुकात गेलात तर फूकोचा लंबक, म्हणजे लांब तारेला टांगलेला जड झुलता गोळा, बघा. पृथ्वी खालून फिरते, लंबकाच्या झोक्याची दिशा मात्र पृथ्वीला जुमानत नाही. ती कुणाशी बांधलेली आहे, हा पुन्हा बादलीचाच प्रश्न. पुण्याच्या अक्षांशावर ती दिशा एक फेरा पुरा करते सुमारे 75 तासांत. कोल्हापुरात असा लंबक टांगला, तर 83 लागतील.