करंगळी बधिर होतेय? आधी हँडलबार नाही, हात बघा

दोन वर्षांपूर्वी पहिली बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड केली, २०० किलोमीटर, साडेतेरा तासांची मुदत, खंबाटकी चढून साताऱ्याकडे आणि परत पुणे. पाय दुखणार, बूड दुखणार हे धरूनच निघालो होतो आणि ते दुखलंच, पण दुसऱ्या दिवशी सकाळी शर्टाची बटणं लावायला गेलो तर उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट जागेवर आहेत की नाहीत तेच कळेना. कुलपात चावी घातली तर फिरवायला जोर नाही. चार दिवस हे असं चाललं आणि त्या चार दिवसांत घाबरून जेलचे ग्लोव्हज घेतले, जाड बार टेप घेतली, नवा हँडलबारही घेतला. यातल्या एकाही वस्तूने त्रास गेला नाही, खरा दोष मला पुढे दोन महिन्यांनी सापडला.

कोपर दाराच्या कडेवर आपटलं की झिणझिण्या करंगळीपर्यंत जातात ना, ती अल्नर नर्व्ह. तीच नस खाली येऊन मनगटापाशी, करंगळीच्या बाजूने, तळहातात शिरते. आत्ता करून बघा, मनगटाच्या घडीला लागून, तळहाताच्या बाजूला, करंगळीच्या रेषेत अंगठ्याने दाबलं की वाटाण्याएवढं एक टणक हाड लागतं. ते हाड आणि तळहातातलं आणखी एक आकड्यासारखं हाड, या दोघांमधल्या बोळातून ही नस जाते. फ्रेंच सर्जन गियाँ यांनी १८६१ मध्ये तो बोळ वर्णन करून ठेवला म्हणून त्याला गियाँ कॅनाल म्हणतात. तिथे नसेवर स्नायूंची जाड गादी नाही, आणि आपण हूड्सवर, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठींवर, हात टेकवतो तेव्हा वजन नेमकं तिथेच येतं. त्यात मनगट मागे वाकलेलं असेल तर बोळ अजून आवळतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल तर मात्र ती वेगळी नस, मीडियन, मनगटाच्या मधून जाणारी. अनामिकेत दोघींचा हिस्सा असतो, म्हणून कधीकधी तिची करंगळीकडची अर्धीच बाजू बधिर होते. म्हणजे कुठलं बोट गेलं ते नीट बघितलं तर भार हाताच्या कुठल्या भागावर पडतोय ते कळतं, आणि मग काय बदलायचं तेही. (बोटांतला जोर दोन-चार दिवसांत परत आला नाही तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.)

माझा निम्मा दोष सीटमध्ये होता. दुकानात सीटचं नाक खाली झुकवून दिलं होतं, आराम पडेल म्हणून. पण मग माणूस सारखा पुढे घसरतो आणि स्वतःला मागे ढकलायला हात ताठ ठेवतो, दहा-बारा तास! सीट सपाट केली आणि निम्मा त्रास तिथेच गेला.

उरलेला निम्मा खरंच पुढच्या पार्ट्सचा होता. माझ्या सायकलवर ४४ सेंटीमीटरचा बार आला होता, आणि माझे खांदे, म्हणजे दोन्ही टोकांच्या हाडांमधलं अंतर, ३९. हात फाकले की कोपरं ताठ होतात आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका सरळ मनगटात. ४० चा बार लावल्यावर कोपरं आपोआप सैल पडली. घेताना एक विचारा, माप नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत आहे की बाहेरून बाहेर, कारण कंपन्या दोन्ही पद्धतीने मोजतात आणि त्यात दोनेक सेंटीमीटरचा फरक सहज पडतो. रीच, म्हणजे बार पुढे किती जातो, ७५-८० मिलीमीटरचा घ्या, आणि ड्रॉप, म्हणजे बार खाली किती वळतो, १२५च्या आसपास. जुन्या रेसिंग बारचा १४५-१५० चा ड्रॉप बघायला देखणा असतो पण तिथपर्यंत वाकता येत नसेल तर तो भाग नुसता शोभेला राहतो. हात लहान असतील तर शिफ्टरमध्ये (गिअर आणि ब्रेकची मूठ) ब्रेकचा लिव्हर जवळ आणायचा छोटा स्क्रू असतो, तो बहुतेकांना माहीतच नसतो.

स्टेमचं, म्हणजे बारला सायकलच्या पुढच्या नळीशी जोडणाऱ्या तुकड्याचं गणित मला फार आवडतं. समजा १०० मिलीमीटरचा, ६ अंशांचा स्टेम खालच्या बाजूला झुकवून लावलेला आहे. तो काढून उलटा लावला की साधारण ७३ अंश कललेल्या पुढच्या नळीवर बार २० मिलीमीटर वर येतो आणि ६ मिलीमीटर जवळ, खर्च शून्य. आणि स्टेमखाली १० मिलीमीटरचा स्पेसर (चकती) घातला तर नळी तिरकी असल्यामुळे बार नुसता वर जात नाही, ३ मिलीमीटर मागेही येतो. एवढं करूनही हूड्स लांब वाटत असतील तर ९० किंवा ८० चा स्टेम, पण ६० लागत असेल तर फ्रेमच मोठी आहे.

कार्बन बारने धक्के कमी होतात म्हणतात, थोडे होतातही, पण तेवढे पैसे घालण्याआधी टायर बघा, कारण धक्का सगळ्यात आधी टायरमधली हवा खाते. मी ६८ किलोचा, २५ मिलीमीटर रुंद टायरमध्ये १०० पीएसआय हवा भरून फिरायचो, आता २८ मध्ये ७० भरतो आणि कात्रजचा तोच रस्ता हाताला वेगळाच लागतो.

काम घरी करणार असाल तर क्रम पाळा: आधी स्टेमच्या वरच्या टोपीचा बोल्ट घट्ट, तो फक्त हेडसेटमधली (पुढच्या नळीतल्या बेअरिंगमधली) ढिलाई काढतो, आणि मग स्टेमचे बाजूचे बोल्ट, त्यावर छापलेल्या टॉर्कइतकेच (आवळण्याचा जोर), बहुतेक वेळा ५ न्यूटन मीटर. कार्बन असेल तर टॉर्क रेंचशिवाय हात लावू नका. आणि जुनी टेप सोडवाल तेव्हा खालची नळी कापडाने पुसून उजेडात बघा. घाम टेपमधून झिरपून ॲल्युमिनियम खातो, पांढरी भुकटी आणि खळगे दिसतात, कोकणात-मुंबईत तर जास्तच, आणि लिव्हरच्या पट्ट्याखाली तर टेप काढूनही दिसत नाही, पट्टा सैल करून सरकवावा लागतो. माझ्या एका मित्राच्या बारला तिथे केसाएवढी चीर होती, त्याच बारवर तो आदल्या रविवारी सिंहगड उतरला होता.