रिकामी पिकअप मागून का घसरते आणि त्यावर काय करायचं

पाऊस सुरू झाला की आमच्या टायरच्या दुकानात रोज एक तरी पिकअपवाला येतो आणि विचारतो, भाऊ, माल भरला की गाडी झकास चालते पण मार्केटला खाली करून परत येताना कुंभार्ली घाटात मागून फेकते, टायर बदलायचे का? दरवेळी बदलायची गरज नसते, म्हणून हे लिहून देतोय.

बोलेरो पिकअपसारख्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, केबिन सगळं पुढे आणि मागे नुसता हौदा, पण गाडी ढकलतात मागची चाकं. त्यात पाटे, म्हणजे मागच्या एक्सलवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, एक-दीड टनाच्या हिशोबाने बनवलेले, रिकाम्या गाडीत ते दबतच नाहीत, खड्ड्यातून चाक उडतं आणि उडालेलं चाक रस्ता धरणार कसं?

आधी हवा बघा. बहुतेक जण लोडची हवा भरतात आणि तीच महिनाभर ठेवतात. गाडीच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात रिकाम्या गाडीचा आकडा वेगळा दिला असेल तर परत येताना तेवढी करा, त्याच्या खाली मात्र रस्त्यावर जाऊ नका, आणि माल भरायच्या आधी परत पूर्ण भरा. घरी बघायचं असेल तर मागच्या टायरवर आडवी खडूची जाड रेघ मारा, कोरड्या सपाट रस्त्यावर थोडी सरळ चालवा आणि उतरून बघा. मधलाच खडू पुसला आणि दोन्ही कडा पांढऱ्या राहिल्या तर टायर फक्त मधल्या पट्टीवर चाललाय, म्हणजे रिकाम्या गाडीला हवा जास्त आहे.

मग वजन. दीडशे ते दोनशे किलो वाळू पुरते. पण युरियाची ४५ किलोची गोणी वाळूने काठोकाठ भरली तर नव्वदच्या आसपास जाते, एकट्याला उचलवत नाही, म्हणून अर्धीच भरा आणि तोंड घट्ट शिवा. अशा चार गोण्या दोन मागच्या चाकांच्या मधोमध, बरोबर एक्सलवर ठेवा. फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेला टेकवून ठेवू नका, त्याने पुढचं चाक हलकं होतं आणि स्टिअरिंग सैल लागतं. दोरीने आवळून बांधा, ब्रेक मारल्यावर सुटी गोणी सरळ केबिनवर येते. पाण्याचे अर्धे भरलेले ड्रम तर नकोच, वळणावर पाणी एका बाजूला जातं. चिखलात रुतलात तर हीच वाळू चाकाखाली टाकता येते. माल भरताना गोण्या उतरवा, नाहीतर तेवढं वजन लोडमध्ये धरा.

टायर घेताना दोनच घेणार असाल तर चांगली जोडी मागे लावा, घासलेले मागे टाकायची सवय पावसात फार वाईट. टायरच्या खाचेतल्या झिजेच्या खुणेपर्यंत म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत कायद्याने चालतं, पण आम्ही ओल्या घाटासाठी ३ च्या खाली गेलेला टायर मागे ठेवू देत नाही.

जास्तीचा पाटा टाकून घ्यायची तर घाईच करू नका. रिकामी गाडी अजून उडेल, आणि ज्या गाड्यांना लोडप्रमाणे मागचा ब्रेक कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह आहे त्यांचं सेटिंग बिघडतं.

चालवताना क्लच हळू सोडा, चिखलात दुसऱ्या गिअरमध्ये उचला, उतारावर एकदम खालचा गिअर टाकून क्लच झटकन सोडू नका, मागची चाकं तिथेच घसरतात. पहिला पाऊस पडला की रस्त्यावरचं ऑइल वर येतं तेव्हा तर जास्तच जपून.

हवा आणि टायरची खोली आम्ही फुकट तपासून देतो, येताना गाडी रिकामी आणा आणि टायर गार असताना, सकाळी लवकर या.