अल स्मिथ यांची १९२३ मधली सही : पार्श्वभूमी

१९२८ च्या अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार, न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर अल स्मिथ यांच्याविरुद्ध दोन गोष्टींचा गवगवा झाला : ते कॅथलिक आहेत आणि दारूबंदीच्या विरोधात आहेत. दुसऱ्या आरोपाला मोठा आधार मिळाला तो १ जून १९२३ च्या एका सहीचा : राज्याचा दारूबंदी अंमलबजावणीचा कायदा रद्द करणाऱ्या विधेयकावरची सही.

न्यूयॉर्कच्या मासळीबाजारात राबलेला हा माणूस १९०४ मध्ये राज्याच्या विधिमंडळात पोचला, तो शहरातल्या पक्षसंघटनेच्या बळावर. १९११ मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या ट्रँगल या कपड्यांच्या कारखान्याच्या आगीत १४६ कामगारांचा जीव गेला. त्यानंतरच्या चौकशी आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून ते राज्यभर हिंडले. दोरखंडाच्या कारखान्यातून रात्रपाळी करून पहाटे बाहेर पडणाऱ्या बायका त्यांनी स्वतः पाहिल्या. आगीपासून बचावाचे अनेक कायदे या कामातून उभे राहिले. पुढे सभापती, शहरात शेरीफ आणि १९१८ मध्ये गव्हर्नर. १९२० ला हरले, १९२२ ला परत निवडून आले.

देशभर दारूबंदी लागू होतीच. शिवाय न्यूयॉर्कने १९२१ मध्ये अंमलबजावणीचा स्वतःचा कायदा केला होता. विधिमंडळाने १९२३ मध्ये तो रद्द करणारं विधेयक मंजूर केलं आणि ते गव्हर्नरांच्या टेबलावर आलं. सही करावी तर देशभरातले दारूबंदीवाले कायमचे दुरावणार. फेटाळावं तर ज्या शहराने मोठं केलं तेच नाराज होणार. शहरातल्या संघटनेला सही हवी होती, हे उघड आहे. पण सही केवळ तिच्या दबावाखाली झाली, हे म्हणणं अन्यायाचं वाटतं. दारूबंदीच्या घटनादुरुस्तीने केंद्राबरोबर राज्यांनाही अंमलबजावणीचा अधिकार दिला होता. पण राज्याने वेगळा कायदा केलाच पाहिजे, अशी सक्ती त्यात नव्हती. शिवाय एकाच कृत्यासाठी केंद्र आणि राज्य दोघेही शिक्षा देऊ शकतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये दिला होता. म्हणजे राज्याचा कायदा राहिला तर एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा होऊ शकत होती. स्मिथ यांनी जाहीर सुनावणी घेतली, सविस्तर निवेदन काढलं आणि केंद्राचा कायदा राज्यात लागू राहीलच, असं स्पष्ट बजावलं. निवेदन किती जणांनी वाचलं कोण जाणे. सही मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिली.

या वादात त्यांचं खरं मोठं काम झाकोळून गेलं. राज्याची दीडशेहून अधिक खाती आणि मंडळं वीसपेक्षा कमी विभागांत आणण्याची घटनादुरुस्ती मतदारांनी १९२५ मध्ये मंजूर केली. अर्थसंकल्प मांडण्याची जबाबदारी गव्हर्नरकडे देणारी दुरुस्ती १९२७ मध्ये झाली. तरीही पुढच्याच वर्षी अध्यक्षपदासाठी ते स्वतःच्या राज्यातही हरले.