‘होतंच असं’ म्हणण्याआधी : गरोदरपणातल्या पोटदुखीची पार्श्वभूमी

१८८१ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात रॉबर्ट लॉसन टेट या शल्यचिकित्सकांना एका गरोदर स्त्रीला पाहायला बोलावले गेले. गर्भ गर्भपिशवीत न रुजता बीजवाहक नळीत रुजला होता आणि नळी फुटून पोटात रक्त साचत होते. ज्या डॉक्टरांनी बोलावले त्यांनीच पोट उघडून नळी काढण्याचे सुचवले. टेट यांचे धाडस झाले नाही. ती स्त्री गेली. शवविच्छेदनात त्यांच्या लक्षात आले की रक्त वाहणारी ती जागा बांधली असती, तर ती वाचली असती. मार्च १८८३ मध्ये दुसऱ्या एका स्त्रीवर त्यांनी हे ऑपरेशन केले आणि ती जगली.

असा गर्भ वैद्यकाला अगदीच अनोळखी होता असे नाही. दहाव्या शतकात कॉर्डोबाजवळचे अल-झहरावी यांनी एका स्त्रीच्या पोटावरच्या गळवातून गर्भाची हाडे बाहेर येताना पाहिली आणि ते लिहून ठेवले. उणीव होती ती वेळेत ओळखण्याची. दिवस गेलेल्या बाईचे पोट दुखायचेच, ही समजूत इतकी पक्की होती की नेमके कोणते दुखणे, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. आज गरोदर स्त्रीला धोक्याच्या लक्षणांची जी यादी सांगतात, तिच्यातल्या कितीतरी ओळींमागे अशी उशिरा कळलेली दुखणी आहेत. यादी कोरडी वाटते, वाचून बाजूला ठेवली जाते, म्हणून तिच्यामागचे सांगावेसे वाटते.

नळीतल्या गर्भाचेच पाहा. १९५८ मध्ये ग्लासगोच्या इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींनी पोटाच्या आतले दाखवले आणि त्यातून आजची सोनोग्राफी आली. १९७२ मध्ये गरोदरपणातले एचसीजी हे संप्रेरक रक्तात अचूक मोजण्याची पद्धत निघाली. या दोन्हींमुळे नळी फुटण्याआधीच निदान होऊ लागले. पण तपासणीसाठी आधी दवाखान्यात पोचावे लागते. पाळी चुकल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ओटीपोटात एका बाजूला दुखणे, थोडे रक्त किंवा तपकिरी डाग जाणे, चक्कर, आणि खांद्याच्या टोकाला दुखणे ही त्याची लक्षणे. खांदा ऐकून नवल वाटते. पोटात साचलेले रक्त श्वासपटलाला टोचते, त्या पटलाची नस मानेतून येते, म्हणून दुखणे खांद्यात जाणवते. कधी उलट्या-जुलाबच पुढे येतात आणि पोट बिघडले असे समजून वेळ जातो.

याच्या उलट बाजूने आलेले नाव म्हणजे जॉन ब्रॅक्स्टन हिक्स. गर्भपिशवी गरोदरपणभर मधूनमधून आवळते आणि सैल होते, हे त्यांनी १८७२ मध्ये मांडले, तेही मुख्यतः गरोदरपण ओळखण्याची खूण म्हणून. आपण त्यांना खोट्या कळा म्हणतो. पोट क्षणभर कडक होते, पाणी प्यायल्यावर, कूस बदलल्यावर, विसावल्यावर शांत होते. मधल्या महिन्यांत शिंकताना किंवा झटकन उठताना जांघेजवळ चमक येते, ती गर्भपिशवीला धरणाऱ्या बंधांच्या ताणाची. ही दोन्ही दुखणी निरुपद्रवी, आणि हे कळल्याने असंख्य स्त्रियांची भीती गेली, हे खरेच. मात्र ‘खोट्या’ हा शब्द मला थोडा घातक वाटतो, कारण त्याखाली खऱ्या कळाही झाकल्या जातात. विश्रांतीने न थांबणाऱ्या, ठरावीक अंतराने येणाऱ्या, अंतर कमी आणि जोर जास्त होत जाणाऱ्या कळा सदतिसाव्या आठवड्याआधी आल्या, तर लगेच निघायला हवे.

रक्त जात नाही म्हणजे धोका नाही, ही आणखी एक फसगत. एडवर्ड रिग्बी यांनी १७७५ मध्ये शेवटच्या महिन्यांतल्या रक्तस्रावाचे दोन प्रकार वेगळे केले : वार (प्लॅसेंटा) खाली, गर्भपिशवीच्या तोंडाशी असल्यामुळे होणारा, आणि योग्य जागची वार वेळेआधी सुटल्यामुळे होणारा. दुसऱ्या प्रकारात रक्त आतच अडकू शकते. बाहेर थेंबही दिसत नाही, पण पोट फळीसारखे कडक होते आणि दुखणे थांबत नाही. इथे मिनिटे मोजायची असतात, आई आणि बाळ दोघांसाठी.

बरगड्यांखाली, विशेषतः उजवीकडे दुखते, तेव्हा पित्त झाले असे वाटणे स्वाभाविक आहे. लंडनच्या जॉन लेव्हर यांना १८४३ मध्ये गरोदरपणी झटके येणाऱ्या स्त्रियांच्या लघवीत प्रथिन सापडले. १८९६ मध्ये रिवा-रोची यांचा दंडाला बांधायचा रक्तदाबमापक आला आणि झटक्यांच्या आधीचा वाढता रक्तदाब पकडता येऊ लागला. १९८२ मध्ये लुई वाइनस्टाइन यांनी गरोदरपणातल्या याच रक्तदाबाच्या आजाराच्या एका उग्र रूपाला हेल्प सिंड्रोम असे नाव दिले : तांबड्या पेशी फुटतात, यकृताला इजा होते, प्लेटलेट उतरतात. विसाव्या आठवड्यानंतर वरच्या पोटात दुखणे, त्यासोबत डोके ठणकणे, डोळ्यांपुढे चमकणे किंवा चेहरा सुजणे असेल, तर पित्ताच्या गोळीवर रात्र काढू नये. त्याच दिवशी रक्तदाब, लघवी आणि रक्त तपासून घ्यावे.

काही दुखण्यांचा गरोदरपणाशी थेट संबंधच नसतो. लघवीची जळजळ आणि ताप, मुतखडा, अपेंडिक्स. अमेरिकी डॉक्टर एडमंड बॅबलर यांनी १९०८ मध्येच लिहिले होते की गरोदरपणातल्या अपेंडिक्सचे मृत्यू म्हणजे उशिरामुळे झालेले मृत्यू. वाढती गर्भपिशवी अपेंडिक्सला वर ढकलते असे १९३२ मध्ये क्ष-किरणांवरून मांडले गेले, पुढे त्याविषयी शंका घेतल्या गेल्या. बहुतेकींना आजही उजवीकडे खालीच दुखते.

तपासणीच्या ठरलेल्या भेटी ही त्यामानाने अलीकडची गोष्ट. एडिनबरोच्या जॉन बॅलंटाइन यांनी १९०१ मध्ये गरोदर स्त्रियांसाठी वेगळ्या रुग्णालयाची मागणी केली. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून किमान आठ भेटी सांगते. पण दुखणे भेटीची तारीख पाहून येत नाही. १९९४ मध्ये थॅडियस आणि मेन यांनी मातामृत्यूंमागचे तीन उशीर मांडले : जायचे ठरवण्यातला, पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. त्यातला पहिला घरात होतो.

ताप, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, चक्कर, न थांबणारे दुखणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी एकही असेल तर पुढच्या भेटीची वाट न पाहता जावे. दवाखान्यात फोन करताना एवढे सांगावे : किती आठवडे झाले, कुठे आणि केव्हापासून दुखते, सलग की येऊन-जाऊन, अंगावरून काही जाते का, बाळ नेहमीसारखे हलते का.