नागीचा २.९५

जपानच्या ओकायामा प्रांतातलं नागी हे डोंगराच्या पायथ्याचं छोटं गाव. २०१९ साली तिथला प्रजनन दर २.९५ निघाला, म्हणजे बाईमागे जवळपास तीन मुलं. देशाचा आकडा तेव्हा १.३६ होता. मग काय, पत्रकारांची रीघच लागली.

गोष्ट सुरू होते २००२मध्ये. शेजारच्या पालिकांत विलीन व्हायला गावाने मतदानातून नकार दिला. स्वतंत्र राहायचं तर काटकसर आलीच. नगरसेवकांच्या जागा कमी केल्या, इतर खर्चाला कात्री लावली आणि पैसा मुलांकडे वळवला. हायस्कूलच्या विद्यार्थ्यामागे वर्षाला २,४०,००० येन आणि त्या वयापर्यंत मोफत उपचार. मला मात्र रोख रकमेपेक्षा दुसरी सोय मोलाची वाटते. 'नागी चाइल्ड होम'मध्ये आया एकमेकींची मुलं सांभाळतात, म्हातारी माणसंही हातभार लावतात. घरात एकटीने मूल वाढवण्याचा ताण त्यामुळे हलका होतो.

आता आकड्याकडे नीट पाहू. गावात माणसं सहा हजारांहून कमी, वर्षाला जन्मणारी बाळं काही डझन. इतक्या लहान नमुन्यात दहा बाळं इकडची तिकडे झाली, तरी दर उडी मारतो. शिवाय सवलती पाहून जी जोडपी राहायला येतात, त्यांना मुलं हवीच असतात. त्यांची बाळं नागीच्या खात्यात जमा होतात, पण देशाच्या बेरजेत किती भर पडली, हे त्यावरून कळत नाही.

आणि एवढं करूनही नागीची लोकसंख्या घटतेच आहे. वृद्ध जास्त असल्याने मृत्यू जन्मांहून अधिक. त्यात बारावीनंतर पोरं शहराची वाट धरतात.

म्हणूनच जपानमधल्या कोणत्या पालिका टिकतील हे तपासणाऱ्या २०१४च्या गाजलेल्या मासुदा अहवालाने जन्मदर बाजूला ठेवून २० ते ३९ वयाच्या स्त्रिया मोजल्या. २०४०पर्यंत ही संख्या निम्म्यावर येईल आणि पुढे गावच नामशेष होण्याचा धोका आहे, अशा ८९६ पालिका निघाल्या. टोकियो सोडून गावी जाणाऱ्या कुटुंबांना सरकार पैसे देऊ लागलं; २०२३पासून मुलामागे दहा लाख येनपर्यंत.

२०२४मध्ये नव्याने मोजणी झाली, तेव्हा धोक्यातल्या पालिका ७४४वर आल्या होत्या. त्याचं मुख्य कारण मात्र परदेशातून येणारी माणसं. जन्मांची घसरण थांबलेली नव्हती.