नवे हेडफोन शंभर तास ‘मुरवावे’ लागतात का?

नवे क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद कपांचे, हेडफोन घेतले की सल्ला येतो: शंभर तास वाजत ठेवा, मगच खरा आवाज खुलेल. आवाज बदलल्यासारखा वाटतो हे खरंच, पण थरथरून आवाज काढणाऱ्या आतल्या पडद्यात होणारा बदल फारच किरकोळ असतो. मोठा फरक कपांवरच्या गादीचा. नवी गादी कडक असते, चष्म्याच्या काडीपाशी फट राहते आणि बास, म्हणजे खर्जातला आवाज, तिथूनच गळतो. वापरून ती मऊ होते, कानाभोवती नीट बसते. शिवाय नव्या आवाजाची आपल्यालाही सवय होते.

पडताळायचंय? तबल्यातला डग्गा ऐकत दोन्ही कप हलकेच दाबा. घुमारा लगेच भरतो. मग गादीखाली बोट घालून फट करा, तो पातळ होतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात आवाज अजिबात पटला नाही, तर शंभर तासांच्या आशेवर परतीची मुदत घालवू नका.